यादीत नसलेला दोर

मित्रांनो, मी एक दोर आहे. वयाने जुना, रंगाने मळका आणि स्वभावाने, खरं सांगायचं तर, थोडा रागीट. दोराला राग कसला, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याला एकच काम उत्तम येतं आणि तेवढं सोडून बाकी सगळी कामं ज्याच्याकडून करून घेतली जातात, त्याला राग येणारच. हा राग माझ्या एकट्याचाही नाही. त्यातला निम्मा तरी हणमंतरावांचा आहे. त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी सांगता येत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका गिरणीत झाला. तेव्हा महायुद्ध चालू होतं. नायलॉनच्या बारीक तंतूंचे तीन पेड वळून मला अंगठ्याएवढं जाड केलं गेलं. बिनइंजिनाची विमानं दुसऱ्या विमानामागे बांधून आकाशात ओढत न्यायची, यासाठी मी होतो. मी बेंगळूरला येऊन पोचलो आणि युद्ध संपलं. माझ्या पेटीचं झाकणसुद्धा कुणी उघडलं नाही. पाच-सहा वर्षं अशी अंधारात गेली. मग लष्कराच्या शिल्लक मालाचा लिलाव झाला आणि मी पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, एका दोरवाल्याच्या दुकानात येऊन पडलो.

तिथे काथ्याचे, घायपाताचे, मनिला म्हणतात त्या जातीचे कितीतरी दोर होते. ते खरखरीत होते, मी गुळगुळीत होतो. गिऱ्हाईक मला हातात घेई, हसे आणि खाली टाकी. "रेशमासारखा लागतो. ह्याने काय बांधायचं, पाळणा?" असं एकजण म्हणाला, ते मला अजून आठवतं.

एकोणीसशे एक्कावन्न साली हणमंतराव त्या दुकानात आले. होसूर रस्त्यावर, आडुगोडीच्या पुढे, त्यांचं मोटारी दुरुस्त करण्याचं वर्कशॉप होतं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. चाळिशीचे, अंगाने बारीक, बोलायला तुटक.

"रावसाहेब, हा मनिला न्या," दुकानदार म्हणाला. "हत्ती बांधा, तुटायचा नाही."

"हत्ती नाही बांधायचा. बंद पडलेली गाडी ओढून आणायची आहे," हणमंतराव म्हणाले. "हत्ती दमानं ओढतो. गाडी झटका देते."

त्यांनी एकेक दोर खांबाच्या कडीत अडकवला आणि स्वतः त्याला लोंबकळले. काथ्या करकरला. मनिला काठीसारखा ताठ राहिला. माझी पाळी आली तेव्हा मी थोडासा लांबलो, त्यांचं वजन पेललं आणि ते उतरल्यावर परत आखूड झालो. त्यांनी दोनदा तसंच केलं.

"हा ऐकून घेतो," ते म्हणाले आणि मला घेऊन गेले.

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला नीट पारखलं होतं. मी फार आनंदात त्या वर्कशॉपमध्ये पोचलो. पण मित्रांनो, पारखणारा एक असतो आणि वापरणारे दहा. हणमंतराव जरा कुठे बाहेर गेले, की कुणी मला ताडपत्री ताणायला घेई. कुणी माझ्यावर ओले कपडे वाळत घाली. एकदा तर शेजारची म्हैस सबंध दिवस मला बांधलेली होती. आणि बंद पडलेली गाडी आणायला निघताना माणसं साखळी शोधत. साखळी खणखण वाजते, जड लागते, म्हणून ती सर्वांना खरी वाटे. हणमंतराव परत आले की ओरडत. "अरे, ह्याला ऊन लावू नका! बॅटरीच्या आम्लाजवळ टाकू नका! गाठी मारू नका, टोकाला फासा गुंफून दिलाय तो वापरा!" माणसं मान डोलवत, "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उन्हात.

छप्पन्न साली वर्तूरकडे जाणारी एक बस बेळ्ळंदूरच्या तळ्याच्या बांधावरून घसरली आणि चिखलात रुतली. उतारू कसेबसे उतरले, पण बस पाण्याकडे कलत चालली होती. हणमंतराव लॉरी घेऊन गेले. बरोबर त्यांचा जुना मेस्त्री कल्लाप्पा होता. तो बेळगावकडचा, हाताने कसबी आणि मनाने सरळ. बांधावर शंभर माणसं जमली होती आणि सगळी एकच ओरडत होती, "साखळी लावा, साखळी!" मी लॉरीत सीटखाली होतो. हणमंतरावांचा हात माझ्याकडे आला, माझ्यावर क्षणभर थांबला आणि मग साखळीकडे गेला.

लॉरीने हिसका दिला. साखळी ताठ झाली, तिची एक कडी फुटली आणि तिचा तुटका शेंडा उडून कल्लाप्पाच्या गुडघ्यावर बसला. त्याला बांधाच्या गवतावर निजवलं. मग कुणी काही ओरडेना. हणमंतरावांनी मला बाहेर काढलं, दोन्ही फासे हुकांत घातले आणि माणसांना लांब हटवलं. लॉरी सावकाश पुढे सरकली. मी ताणलो, ताणलो, अंगात जोर साठवला आणि तो थोडाथोडा करून बसला दिला. चिखलाने चप्प आवाज केला आणि बस हलली. अर्ध्या तासात ती बांधावर होती.

कल्लाप्पा पडल्यापडल्या म्हणाला, "मालक, ह्योच आधी लावला असता तर काय हुतं?"

हणमंतराव साखळीचे तुकडे गोळा करू लागले. उत्तर त्यांना ठाऊक होतं. शंभर तोंडांपुढे त्यांनी आपलंच म्हणणं गिळलं होतं. कल्लाप्पा पुढे काठी घेऊन चालू लागला, कामही करू लागला, पण हणमंतराव त्याच्या पायाकडे कधी नीट बघत नसत. त्या दिवसापासून त्यांच्या वर्कशॉपमध्ये साखळीने गाडी ओढणं बंद झालं. मला आतल्या अंधाऱ्या भिंतीवर जागा मिळाली. ती आठ वर्षं माझ्या सुखाची. होसकोट्यापासून होसूरच्या वेशीपर्यंत कितीतरी मोटारी, लॉऱ्या, एकदा तर नवरदेवाची सजवलेली गाडीसुद्धा मी ओढत आणली. लोक म्हणत, "हणमंतरावांचा दोर मागवा." मला ते ऐकायला आवडे.

मग चौसष्ट साली बर्फगाड्या आल्या.

तुम्ही हसाल. बेंगळूरात आणि बर्फगाडी! पण झालं असं, की एका सरकारी खात्याला उत्तरेकडच्या डोंगरांतल्या हिमनद्या मोजायच्या होत्या. त्यासाठी परदेशातून दोन लहान गाड्या आल्या. पुढे पाटासारख्या दोन घसरपट्ट्या, मागे रबरी पट्टा, वर दोन माणसं बसण्यापुरती जागा. हणमंतरावांनी पूर्वी पट्ट्यांचे ट्रॅक्टर दुरुस्त केले होते, म्हणून गाड्या जोडून, तपासून द्यायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांच्या बायकोचा, अनुसूयाबाईंचा, धाकटा भाऊ सुधींद्र त्यांच्याच हाताखाली शिकून तयार झाला होता. त्याची नेमणूक गाड्यांबरोबर जाणारा मेकॅनिक म्हणून झाली. त्याला केवढा आनंद! लालबागेत सकाळी धुकं पडलं तरी कानाला रुमाल बांधणारा मुलगा तो, पण बर्फ बघायला मिळणार म्हणून नाचत होता.

गाड्यांबरोबर न्यायच्या सामानाची यादी घेऊन खात्याचे भांडार-अधिकारी आले. त्यांचं नाव भगवंतराव. पांढरा कोट, हातात फाइल, चष्मा नाकाच्या टोकाला. माणूस वाईट नव्हता. फक्त यादीबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे. यादीत एका ओळीत लिहिलं होतं : "बंद पडलेली गाडी ओढण्यासाठी लोखंडी साखळी, एक."

"साखळी नको," हणमंतराव म्हणाले. "नायलॉनचा दोर घ्या. नवा मागवा, तीस फुटी, दोन्ही टोकांना फासे गुंफलेले."

"ट्रॅक्टरच्या यादीत साखळीच होती."

"ट्रॅक्टर शेतात चालतो, भगवंतराव. ही बर्फात चालायची. तिचं अंग बघा, केवढंसं आहे. साखळीच्या झटक्याने हुक उपटून येईल, नाहीतर साखळी फुटेल."

भगवंतरावांनी मला भिंतीवरून काढून बोटांत दाबलं. "हा? हा मऊ आहे हो. परकराच्या नाडीसारखा."

मित्रांनो, मी बस ओढली होती. मला बोलता आलं असतं तर मी काय म्हणालो असतो, ते तुम्हाला सांगण्याजोगं नाही.

हणमंतराव चिडले, पण त्यांनी हट्ट सोडला नाही. त्यांनी मार्केटजवळच्या बर्फाच्या कारखान्यात जागा मागून घेतली. साखळी, मनिला आणि मी, तिघांनाही भिजवून बर्फाच्या लाद्यांमध्ये मीठ घालून दोन दिवस पुरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भगवंतरावांना बोलावून आणलं. मनिला काढला तर तो लाकडाच्या दांड्यासारखा झालेला. त्याला वाकवलं तर तो कडकडला आणि आतले तंतू तुटले. मीही थोडा ताठरलो होतो, पण दोनदा हलवल्यावर मोकळा झालो. साखळी मात्र होती तशीच, चकचकीत.

"बघा," भगवंतराव खूश होऊन म्हणाले. "साखळीला काय झालं? काहीसुद्धा नाही."

"तिचं दिसत नाही, हाच तर तिचा दोष आहे!" हणमंतरावांचा आवाज चढला. "दोर थकला की तंतू पिंजतात, माणसाला कळतं. साखळी सांगत नाही. एकदम जाते."

मग त्यांनी कारखान्याच्या अंगणात बर्फगाडीला साखळी लावून लॉरीने झटका देऊन दाखवला. गाडीचा हुक मुळापासून वाकला. हणमंतराव विजयी चेहऱ्याने वळले. भगवंतरावांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि शांतपणे म्हणाले, "हुक कमकुवत आहे. जाड हुक बसवा."

त्या दिवशी हणमंतराव जेवले नाहीत.

त्यांनी एकामागून एक तीन अर्ज लिहिले. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला "विचार चालू आहे" असं आलं. तिसऱ्याला आलं, की यादी मंजूर झाली असून आता बदल शक्य नाही. शेवटी त्यांनी स्वतःच्या हातांनी जाड हुक ठोकून बसवले. साखळी तर इतकी जड, की ती एकट्या माणसाला उचलेना. तिच्यासाठी गाडीवरून रॉकेलचे दोन डबे उतरवावे लागले. जिथे रॉकेलवर बर्फ वितळवल्याशिवाय पाणीसुद्धा मिळत नाही, तिथे जाताना! हणमंतराव वर्कशॉपभर येरझाऱ्या घालत होते आणि समोर येईल त्यावर खेकसत होते. कल्लाप्पा काठी टेकत त्यांच्यामागून फिरत होता.

सुधींद्र निघायच्या आदल्या सकाळी अनुसूयाबाई वर्कशॉपमध्ये आल्या. त्या सहसा तिथे येत नसत. त्यांच्यामागून सुधींद्र आपला बिछाना घेऊन आला. बाईंनी सरळ भिंतीकडे जाऊन मला काढलं.

"हे काय?" हणमंतरावांनी विचारलं.

"बिछाना बांधायला दोरी पाहिजे," त्या म्हणाल्या.

"अगं, हा म्हातारा झालाय. मी नवा मागत होतो, नवा! ह्याच्यावर मी कसा भरवसा ठेवू?"

"नवा येईल तेव्हा येईल. हा घरात आहे." त्या थांबल्या. "माझा भाऊ चाललाय. तुमच्या अर्जांना बांधून पाठवू का त्याला?"

हणमंतरावांनी मला उजेडात अंगणात पसरलं आणि हात-हात करत सबंध तपासलं. पेड उकलून आतला पीळ पाहिला. एका टोकाशी मी घासलो होतो. तिथला चार हातांचा तुकडा त्यांनी कापून टाकला आणि कल्लाप्पाकडून नवा फासा गुंफून घेतला. ते करताना ते सुधींद्रशी बोलत होते. "झटका द्यायचा नाही. ताण हळूहळू घ्यायचा. धारदार पत्र्यावर टेकेल तिथे खाली कापड घालायचं. आणि मी ताणलेला असेन... म्हणजे दोर ताणलेला असेल, तेव्हा त्याच्या रेषेत कुणाला उभं राहू द्यायचं नाही. तुटला तर चाबकासारखा येतो."

"भावजी," सुधींद्र हसून म्हणाला, "बिछानाच बांधायचाय ना?"

"हो. बिछानाच."

असा मी बर्फात गेलो. आगगाडी, मग लॉरी, मग खेचरं, आणि मग जिथे पांढऱ्याशिवाय दुसरा रंगच नाही अशी जागा. तीन आठवडे मी खरोखरच बिछान्याची दोरी होतो. सुधींद्र दर सकाळी छावणी हलवताना मला गुंडाळे, दर संध्याकाळी सोडे, आणि बर्फ झटकून तंबूत आतल्या बाजूला ठेवी. साखळी बाहेर पडून असे.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी पाहणीचे प्रमुख नरसिंहराव पुढच्या गाडीत होते आणि सुधींद्र मागच्या गाडीत होता. नरसिंहराव पन्नाशीचे गृहस्थ, दोन दिवस खोकल्याने बेजार झालेले. एका घळीवरून जाताना वरचा भुसभुशीत बर्फ खचला आणि त्यांची गाडी तोंडाकडून आत गेली. इंजिन बंद पडलं. छावणी सात मैलांवर होती, वारा वाढत होता, आणि एका गाडीवर सगळी माणसं बसणं शक्य नव्हतं. खोकणाऱ्या नरसिंहरावांना गाडीवरून पुढे न्यायचं, तर बाकीच्यांना अंधारापूर्वी त्या बर्फातून सात मैल चालणं शक्य नव्हतं.

सुधींद्रने नियमाप्रमाणे दुसऱ्याच्या मदतीने साखळी काढली. साखळीचा खिळा हुकात बसवायला जाड हातमोज्यांनी जमेना. त्याने दोनदा, तीनदा प्रयत्न केला. खिळा निसटून बर्फात पडे. मग त्याने उजव्या हाताचा मोजा काढला आणि उघड्या बोटांनी ते लोखंड धरलं. गार लोखंडाला कातडी चिकटली. तरी त्याने खिळा बसवला. गाडीवर चढून ओढ घेतली. पहिल्या खेपेला काही हललं नाही. दुसऱ्या खेपेला टण्‌ असा आवाज आला आणि साखळी दोन ठिकाणी तुटून बर्फात नाहीशी झाली. नशीब, की त्याने हणमंतरावांचं ऐकून सगळ्यांना बाजूला उभं केलं होतं.

मी बिछान्याभोवती बांधलेला होतो. मी मनात ओरडत होतो, मित्रांनो, मी इथे आहे, मी इथेच आहे!

सुधींद्रने हात काखेत दाबला आणि बिछान्याकडे पाहिलं. मग दातांनी आणि डाव्या हाताने माझी गाठ सोडली. माझा फासा हुकावर टाकायला मोजा काढावा लागला नाही, बोटं वाकवावी लागली नाहीत. बुडालेल्या गाडीच्या पत्र्याची कड मला लागत होती, तिथे त्याने आपली सतरंजी चौघडी करून घातली. आणि मग हळू, अगदी हळू, त्याने ताण घेतला.

मी आयुष्यात इतका कधी लांबलो नव्हतो. माझा पेड न्‌ पेड गात होता. गाडी हलली नाही. त्याने थांबून मला थोडं सैल सोडलं, पुन्हा ताण घेतला. तिसऱ्यांदा बर्फाने तिला सोडलं. ती वर आली, आणि मग त्या बंद गाडीला नरसिंहरावांसकट मी सात मैल छावणीपर्यंत ओढत नेलं. दिवस मावळायच्या आत आम्ही पोचलो.

सगळे जगले. सुधींद्रच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र गेली.

तो परत आला तेव्हा हणमंतराव स्टेशनवर गेले होते. त्यांनी पट्टी बांधलेला हात पाहिला, मग बिछान्याला बांधलेल्या मला पाहिलं, आणि तिथेच बाकावर बसले. "मी हुक ठोकून दिले," एवढंच ते म्हणाले. "माझ्या हातांनी ठोकून दिले."

महिन्याभराने भगवंतराव फाइल घेऊन वर्कशॉपमध्ये आले. तुम्हाला वाटेल, माझं कौतुक करायला आले. नाही. अहवालात लिहिलं होतं, की साखळी तुटली. सबब पुढच्या मोहिमेसाठी दुप्पट जाड साखळी घ्यावी. आणि खाली होतं : "यादीत नसलेला एक दोर वापरल्याचे आढळते. त्याबद्दल खुलासा घ्यावा व दोर जमा करावा."

हणमंतरावांच्या हातातला पाना खाली पडला. "खुलासा? साखळी लावताना पोराची बोटं गेली. दोराने माणसं आणली. आणि खुलासा दोराने द्यायचा?"

"मी लिहिलेलं नाही ते," भगवंतराव म्हणाले.

"मग फाडून टाका!"

"फाइल फाडता येत नाही, हणमंतराव." त्यांचा आवाज खाली आला होता. सुधींद्र समोरच्या बाकावर डाव्या हाताने स्क्रू फिरवायची सवय करत होता, आणि भगवंतराव त्याच्याकडे पाहायचं टाळत होते. "साखळीची ओळ मंजूर आहे. ती बदलायची तर सगळी यादी पुन्हा वर जाईल. दोन वर्षं जातील. तोवर दुसरी मोहीम निघेल."

एवढ्यात अनुसूयाबाई कॉफी घेऊन आल्या. त्यांनी पेला भगवंतरावांच्या पुढे ठेवला आणि विचारलं, "तुमच्या त्या यादीत बिछाना आहे का?"

"आहे की. प्रत्येकी एक."

"बांधायला काय लिहिलंय?"

भगवंतरावांनी पानं उलटली. "दोरी."

"कसली?"

"कसली ते... लिहिलेलं नाही."

"किती लांब?"

"तेही नाही."

भगवंतरावांनी सबंध कॉफी प्यायली. मग खिशातून पेन्सिल काढली आणि मान वर न करता म्हणाले, "हणमंतराव, चांगला बिछाना बांधायला दोरी कशी असावी म्हणता?"

हणमंतरावांना कळायला जरा वेळ लागला. मग ते सांगू लागले, आणि भगवंतराव लिहू लागले. नायलॉन. तीन पेडी. अंगठ्याएवढी जाड. तीस फूट. दोन्ही टोकांना गुंफलेले फासे. ऊन लागू न देता ठेवावी.

दुसऱ्या मोहिमेला बिछान्याच्या सहा दोऱ्या गेल्या. प्रत्येक चालकाला सुधींद्रने त्या वापरायला शिकवलं. पण मला काय मिळालं? भगवंतराव जाताना मला घेऊन गेले. खुलाशाचं प्रकरण चालू होतं आणि मी त्यातला पुरावा होतो. त्यांनी माझ्या अंगाला क्रमांकाची चिठ्ठी बांधली आणि मला भांडारात एका फळीवर ठेवलं. फळी पश्चिमेच्या खिडकीखाली होती. "ऊन लागू न देता ठेवावी" असं ज्या माणसाने स्वतः लिहून घेतलं, त्याला ती खिडकी दिसली नाही. रोज दुपारी ऊन माझ्या एका बाजूवर येई आणि संध्याकाळपर्यंत बसे. चार वर्षं. तिथेच मी कारकुनांच्या तोंडून ऐकलं, की दुसऱ्या मोहिमेत तीनदा गाड्या अडकल्या आणि तिन्ही वेळा बिछान्याच्या दोऱ्यांनी काढल्या. दुप्पट जाड साखळी खालच्या छावणीत ताडपत्रीखाली पडून राहिली. आणि अहवाल आला : "साखळी उत्तम स्थितीत परत मिळाली. साखळी समाधानकारक आहे."

हे ऐकून माझं काय झालं असेल, तुम्हीच कल्पना करा.

अडुसष्ट साली खुलासा मान्य झाला. हणमंतराव आणि सुधींद्र मला न्यायला आले. सुधींद्रने मला खांद्यावर घेतलं आणि वर्कशॉपमध्ये पोचेपर्यंत खाली ठेवलं नाही. योगायोग असा, की आम्ही पोचलो तेव्हाच होसकोट्याच्या रस्त्यावर एक टॅक्सी बंद पडल्याचा निरोप आला होता.

"आज हाच नेतो," सुधींद्र म्हणाला. मीही आतून सज्ज झालो.

"थांब," हणमंतराव म्हणाले. त्यांनी माझी उन्हाकडची बाजू अंगठ्याने घासली. पांढरी पूड त्यांच्या बोटाला लागली. त्यांनी एक पेड उकलला आणि त्यातला धागा दोन बोटांत धरून ओढला. तो वाळक्या गवतासारखा तुटला. त्यांनी दुसरा ओढला. तोही तुटला. त्यांनी मला जमिनीवर ठेवलं. मग म्हणाले, "कुऱ्हाड आण."

"भावजी! ह्याने आमचा जीव वाचवला."

"म्हणूनच," हणमंतराव म्हणाले. "हा भिंतीवर राहिला तर उद्या कुणीतरी विश्वासाने काढून नेईल. ह्याच्या हातून कुणाचा जीव जायला नको."

त्यांनी मला लाकडाच्या ओंडक्यावर ठेवून दोन-दोन हातांचे तुकडे केले, म्हणजे माझ्याने यापुढे गाडी ओढणं कुणाच्या मनातही येऊ नये. प्रत्येक घावाला ते डोळे मिटत होते. खोटं कशाला बोलू, मित्रांनो, मला फार राग आला. त्या खिडकीचा आला, त्या चिठ्ठीचा आला, ज्यांनी मला चार वर्षं जपून ठेवून मारलं त्या सगळ्यांचा आला. पण कुऱ्हाड चालवणाऱ्या त्या हातांचा मात्र आला नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. दोर निवडताना त्याच्या आवाजावर आणि वजनावर जाऊ नका. तो झटका कसा झेलतो ते पाहा. त्याला उन्हापासून, आम्लापासून, धारेपासून सांभाळा. ज्याला त्याच्यातलं कळतं त्याचं ऐका, शंभर माणसं दुसरं काही ओरडत असली तरी. आणि आमच्यापैकी कुणी थकला असं दिसलं, तर मायेपोटी त्याला कामावर ठेवू नका. भर ओढीत कुणाचा तरी घात करून तुटण्यापेक्षा, ओळखणाऱ्याच्या हातून वेळेवर तोडलं जाणं आम्हाला बरं वाटतं.